अकरा झाडांची वाट

परवा दिवेलागणीला आमच्या सोप्यात एक पाकोळी, म्हणजे लहान वटवाघूळ, शिरली. सुनेनं केरसुणी उचलली, नातवंडांनी घर डोक्यावर घेतलं, आणि मी, ज्याला एरवी उठून उभं राहायला दोघांचा हात लागतो, तो कसा कोण जाणे दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "दिवा बारीक करा आणि गप्प बसा. तिची ती जाईल." पाकोळीनं दोन फेऱ्या मारल्या आणि दाराबाहेरच्या पारिजातकाच्या कडेकडेनं निघून गेली. सून म्हणाली, "मामंजी, तुम्हाला ह्यातलं काय कळतं?" खरं आहे. मला ह्यातलं काही कळत नाही. कळत होतं ते नागूअण्णाला, आणि त्याच्या बाबतीत मी काय केलं ते घरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची चार वर्षं मी जोयड्याकडच्या जंगलात कारकुनी केली. मी खानापुरात वाढलेला माणूस. तिकडची बदली म्हणजे हिवताप, जळवा आणि चार महिने न थांबणारा पाऊस. नंदिगड्ड्याच्या वाटेवर एका टेकाडावर साहेबलोकांच्या मुक्कामाचा कौलारू बंगला होता. त्याच्या मागच्या खोलीत माझं दप्तर. त्या बंगल्याचा राखणदार नागू वेळीप. टेकाडाखाली कुणब्यांची पाच घरांची वाडी होती, तिथला तो. वाडीतले सगळे त्याला नागूअण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. तो मला रायटरबाब म्हणायचा.

पन्नाशीचा असेल. अंगावर कांबळं, कमरेला मागं अडकवलेला कोयता, आणि बोलताना नेहमी खांबाला खांदा टेकलेला. खोलीच्या मधोमध उभा राहिलेला मी त्याला कधी पाहिला नाही. अंगण ओलांडायचं तरी सरळ मधून जायचा नाही, कडेच्या झाडांखालून वळसा घालून जायचा. मी एकदा चिडवलं, "नागूअण्णा, वाघाला भितोस की काय?"

"वाघाला कोण भितंय," तो म्हणाला. "वाघ बी कडंकडनंच जातोय. उगड्यावर जीव उगीच घाबरा होतो, रायटरबाब. झाडाकडनं गेलं की बरं वाटतंय."

बंगल्यात त्याच्या हिशेबी दोन तऱ्हेची माणसं राहत. एक खालची आणि एक माळ्यावरची. खालची म्हणजे साहेब, त्यांचे बटलर आणि माझ्यासारखे कारकून. माळ्यावरची म्हणजे पाकोळ्या. आढ्याखाली, कौलांच्या आणि छताला ताणलेल्या मांजरपाटाच्या कापडाच्या मधल्या अंधारात त्या हजारांनी लटकलेल्या असायच्या. त्यांच्याबद्दल तो माणसांसारखंच बोलायचा. "माळ्यावरची आज लवकर उठली." "माळ्यावरच्यांकडं बाळंतपणं सुरू झाल्यात, जरा हळू बोला." आणि खालच्यांबद्दल विचारलं की हात झटकून म्हणायचा, "ती काय, येतात नि जातात. माळ्यावरची मुक्कामाला हाईत."

पहिल्याच दिवशी माझ्या उघड्या रजिस्टरावर वरून टपटप काळ्या लेंड्या पडल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. मी संतापून नागूअण्णाला हाक मारली. तो आला. त्यानं वाकून रजिस्टर पाहिलं आणि एकेक लेंडी बोटानं तळहातावर घेऊन कांबळ्याच्या टोकाला बांधली. मला वाटलं, आता हा माफी मागेल.

"जागा तुमी चुकलासा," तो म्हणाला. "दोन हात हिकडं बसा. हितं न्हाई पडत."

मी मेज दोन हात सरकवलं. मग खरंच पडल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यानं मला बंगल्याच्या मागं नेलं. मागच्या त्रिकोणी भिंतीत, आढ्याच्या जरा खाली, एक झरोका होता. झरोक्याच्या समोरच एक जुनी जांभूळ, तिच्या पुढं किंदळ, मग रायवळ आंबा, मग हेळा, अशी अकरा झाडं एकामागोमाग एक टेकाडावरून खाली ओढ्यापर्यंत गेलेली. फांदीला फांदी लागलेली. ओढ्यापलीकडं रान सुरू व्हायचं. उजेड विटायला लागला तशी झरोक्यातून एक पाकोळी आली, मग दहा, मग मोजायची सोय राहिली नाही. पण आकाशात एकही गेली नाही. सगळ्या जांभळीच्या पानांत शिरल्या आणि झाडाझाडाच्या कडेनं, अंधारात माणूस भिंतीला हात लावून चालतो तशा, खाली ओढ्याकडं उतरल्या. मी म्हटलं, "एवढं आभाळ मोकळं आहे, वरून का जात नाहीत?"

"वर शिकरा हाय, पिंगळा हाय," नागूअण्णा म्हणाला. "आणि उगड्यावर त्येंस्नी कायबी उमगत न्हाई. ही त्येंची वाट. घर हितं हाय म्हणून वाट न्हवं, रायटरबाब. वाट हाय म्हणून घर हितं हाय."

मी हूं म्हणालो. कारकुनाच्या तोंडातून दिवसाकाठी शंभर वेळा हूं जातो. त्यातलाच तो एक.

आता ह्या लेंड्या तो का जपायचा ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या मुलखात भाताचं रोप, म्हणजे तरवा, टाकायच्या आधी जमीन भाजायची रीत. झाडांच्या कोवळ्या फांद्या तोडून, वाळवून, वाफ्यावर पसरून जाळायच्या. त्या राखेत तरवा जोमानं येतो. नुसत्या लाल मातीत तो पिवळा पडतो, आणि तरवा पिवळा पडला की वर्षाचं भात गेलं. डोंगरउतारावरची जुनी भाजून पेरायची शेती सरकारनं आधीच बंद केली होती. मी तिथं गेलो त्याच्या अलीकडंच फांद्या तोडायलाही बंदी आली. आजूबाजूच्या दोन वाड्या त्यानं उठल्या. माणसं गोव्याकडं गेली, देव तेवढे मागं राहिले. नागूअण्णाची पाच घरं मात्र टिकून होती, ती माळ्यावरच्यांच्या जिवावर. वैशाखात एके दिवशी पाचही घरं पाट्या घेऊन टेकाडावर यायची. नागूअण्णा तोंडाला फडकं बांधून माळ्यावर चढायचा, पिल्लांच्या बाजूला न जाता खत गोळा करून खाली द्यायचा. पहिल्या पाटीतलं मूठमूठ खत तो अकरा झाडांच्या बुंध्याशी घालून यायचा, आणि मगच वाटणी. स्वतःच्या घराची पाटी सगळ्यांत शेवटी.

"झाडांना कशाला?" मी विचारलं होतं.

"त्येंचं बी हाय की त्यात."

मला ती अडाणी समजूत वाटली. मी हसलो, आणि तोही माझ्याबरोबर हसला. त्याला राग म्हणून यायचा नाही. त्याची बायको शेवंता त्याच्या वाटचं रागवून घ्यायची. "रायटरबाब, ह्या माणसाला सांगा," ती यायची तक्रार घेऊन, "घरात माज्याशी बोलंना आणि माळ्यावर जाऊन घटकाभर बोलूलाय." नागूअण्णा खांबाला टेकून म्हणायचा, "ती उलट बोलत न्हाईत." मग शेवंताही हसायची. त्या वर्षी त्यांचा तरवा इतका काळाभोर आला होता की नंदिगड्ड्याची माणसं बघायला आली.

तिसऱ्या वर्षी नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण नाकानं तिखट. पहिल्याच रात्री जेवताना वरच्या मांजरपाटातून काहीतरी साहेबांच्या सूपच्या बशीत पडलं. सकाळी मला बोलावून हुकूम झाला: माळ्यावर गंधकाची धुरी द्या, झरोका चुन्यानं बुजवा, आणि ह्या घाणीच्या कारणांचा रिपोर्ट लिहून आणा.

दुपारी नागूअण्णा माझ्या खोलीत आला. डोक्याचं फडकं काढून हातात धरलेलं. खांबाला टेकला नाही, जमिनीवर बसला. चार वर्षांत तो माझ्यासमोर बसला तो एवढाच. "रायटरबाब," तो म्हणाला, "माळ्यावरची गेली की पाच घरं गेली. तुमच्या कागदाला कायतरी सांगा."

माणसानं माणसाकडं ह्याहून काय मागायचं? आणि माझ्याजवळ कागदाशिवाय दुसरं होतंही काय? मी दोन दिवस खपून रिपोर्ट लिहिला. अजून मला तो पाठ आहे. साहेबलोक मला चांगले ठाऊक होते. त्यांना काहीतरी काढल्याशिवाय चैन पडत नाही. पाकोळ्या काढायच्या नसतील तर दुसरं काहीतरी काढायला द्यायला हवं. म्हणून मी लिहिलं की वास येतो तो ओलीचा. बंगल्यामागची झाडं छपरावर आल्यामुळं पाला पन्हळीत कुजतो, कौलं वाळत नाहीत. झाडं काढून मागची बाजू मोकळी केली आणि मांजरपाटाच्या जागी फळ्या ठोकल्या, तर धुरीचा खर्च आणि झरोका बुजवण्याची यातायात वाचेल. शब्द असे निवडून घातले होते की वाचणाऱ्याला ती आपलीच कल्पना वाटावी. साहेबांना वाटली. खाली सही झाली.

मी धावतच बंगल्यामागं गेलो. "नागूअण्णा, वाचल्या तुझ्या पाकोळ्या. माळ्याला कोण हात लावणार नाही."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते, ते त्यानं लपवले नाहीत. मग म्हणाला, "साहेब असाच कसा ऐकला?"

"झाडं काढायला सांगितली मी त्याला. ही मागची."

"कंची?"

"ही. अकरा."

त्यानं झाडांकडं पाहिलं. मग माझे हात सोडले. "मग घर कशाला ठेवलासा?" त्यानं विचारलं. आवाज चढवून नाही, खरंच न समजून विचारावं तसं.

मला राग आला. हो, राग. दोन दिवस खपलो, नोकरी पणाला लावली, आणि ह्याचं हे. मी म्हटलं, "पंख आहेत ना त्यांना? उडतील." मी त्याला काय बोललो ते चाळीस वर्षांत विसरलेलो नाही. 'वाट हाय म्हणून घर हाय' हे त्यानं मला सांगितलेलं होतं, आणि ते मला त्याच क्षणी आठवलंही. पण सही झालेला कागद परत मागायला साहेबासमोर जायचं, आणि माझाच रिपोर्ट चुकीचा आहे म्हणायचं, एवढं काळीज माझ्यात नव्हतं.

झाडं तोडायला बाहेरचे गडी येणार होते. नागूअण्णानं नको म्हटलं. "परका हात नको." त्यानं आणि वाडीतल्या चौघांनी आठवडाभर कुऱ्हाड चालवली. दर झाडाच्या बुंध्याशी तो आधी मूठभर खत घालायचा आणि मग घाव घालायचा. जांभूळ सगळ्यांत शेवटी तोडली. मी खिडकी लावून आत बसलो होतो, तरी ती पडली तेव्हा मेजावरची दौत हलली.

त्या संध्याकाळी पाकोळ्या झरोक्याशी आल्या आणि तिथंच घुटमळल्या. बाहेर यायच्या, भिंतीला चिकटून फिरायच्या, परत आत. काळोख पडल्यावर काही धीर करून ओढ्याच्या दिशेनं सुटल्या. दुसऱ्या दिवशीपासून शिकरा समोरच्या बुंध्यावर येऊन बसायला लागला. नागूअण्णा त्याला दगड मारून हाकलायचा. एक हाकलला की दुसरा यायचा. काळोख होईपर्यंत त्या आत थांबून राहायच्या, आणि तोवर ओढ्यावरचे चिलटांचे थवे विरून गेलेले असायचे. उपाशी किती राहतील? पावसाळ्याआधीच माळा निम्मा रिकामा झाला. बंगल्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. उलट नव्या फळ्या ठोकल्या होत्या, मागच्या बाजूला ऊन लख्ख पडत होतं, आणि साहेबांनी माझ्या नावानं शाबासकीचा शेरा लिहिला होता.

पुढच्या वैशाखात पाच घरांना मिळून दीड पाटी खत निघालं. नागूअण्णानं ते चार घरांना वाटलं. श्रावणापर्यंत तरवे पिवळे पडले. दिवाळी झाल्यावर पहिलं घर गोव्याकडं गेलं, शिमग्याआधी आणखी दोन गेली. जाताना माणसं बंगल्यावर येऊन मला रामराम करून जायची. रायटरबाबांनी माळा वाचवला होता, असं त्यांना वाटत होतं. नागूअण्णानं त्यांना खरं सांगितलेलं नव्हतं.

आणि ह्या सगळ्या दिवसांत त्यानं एक काम धरलं होतं. रोज दुपारी तो ओढ्यापलीकडून वाऱ्यानं मोडलेल्या पानांच्या फांद्या ओढत आणायचा आणि तोडलेल्या झाडांच्या जागी बांबू रोवून त्यांना बांधायचा. झरोक्यापासून ओढ्यापर्यंत, लग्नाच्या मांडवाला बांधतात तशा. दोन दिवसांत पानं वाळायची. तो नव्या आणायचा. बांबूंच्या मुळाशी त्यानं जांभळाच्या बिया लावल्या होत्या, त्यांना वीतभर रोपं आली होती. मी एकदा न राहवून विचारलं, "काय करूलास हे, नागूअण्णा?"

"वाट बांधूलोय."

"झाडं यायला वीस वर्षं लागतील."

"व्हय. तवर ह्या हाईत."

"मला शिव्या तरी घाल," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

तो फांदीला सुंभ गुंडाळत होता. "तुमास्नी कशाला? मी कागदाला सांगा म्हणालो, तुमी सांगितलासा. तुमी आमच्यासाठीच केलासा न्हवं?" आणि सुंभाचं दुसरं टोक धरायला त्यानं माझ्या हातात दिलं. एखाद्या शिवीनं मला बरं वाटलं असतं.

त्याच चैत्रात माझी बदली झाली. जायच्या सकाळी बंगल्याच्या सामानाची यादी करून द्यायची होती, म्हणून शिडी लावून माळ्यावर चढलो, कंदील फिरवला. जिथं आढं दिसत नसे तिथं आढं स्वच्छ दिसत होतं. झरोक्याजवळच्या वाशाला एक पाकोळी लटकलेली होती. मी चारही कोपरे पाहिले. एकच होती.

खाली उतरलो तर नागूअण्णा आणि शेवंता शिडीशी उभी. शेवंताच्या डोक्यावर गाठोडं होतं. चौथं घर त्या दिवशी निघालं होतं आणि ती त्यांच्याबरोबर आपल्या भावाकडं निघाली होती, नवऱ्याला न्यायला आली होती. "तुमी तरी सांगा," ती मला म्हणाली. "हितं आता काय राह्यलंय? हा माणूस म्हणतोय माळ्यावरची हाईत अजून. तुमी आता बघून आलासा. खरं काय ते सांगा, म्हंजे हा उठंल."

नागूअण्णानं माझ्याकडं पाहिलं. त्याला स्वतःला माळ्यावर चढायचं धैर्य झालेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. चार महिने तो शिडीला शिवला नव्हता. "किती हाईत, रायटरबाब?"

मला खरं बोलता आलं असतं. तो रडला असता, आणि बायकोच्या मागून गेला असता. एक शब्द होता. पण त्याच्या तोंडाकडं बघून मला तो सांगवेना. एकदा मी त्याला वाईट बातमी दिलेली होती, दुसऱ्यांदा देववेना. मी म्हणालो, "आहेत की. शंभरेक असतील."

त्याचा चेहरा असा उजळला की मी मान फिरवली. "बघ," तो शेवंताला म्हणाला. "रायटरबाबांनी मोजल्यात." शेवंतानं गाठोडं सारखं केलं आणि ती एकटीच टेकाड उतरून गेली.

पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. त्या बाजूचा माणूस खानापूरच्या बाजारात भेटला तरी मी विचारत नसे. मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी. माझी बैलगाडी बंगल्याला वळसा घालून ओढ्याकडं उतरत होती. फांद्यांची रांग दिसत होती, पण मध्ये एका ठिकाणी बांबू पडून मोठी फट राहिली होती. त्या फटीत, उघड्यावर मधोमध, नागूअण्णा उभा होता. दोन्ही हातांत पानांची एक मोठी फांदी डोक्याच्या वर उंच धरलेली. मी गाडी थांबवली. झरोक्यातून ती पाकोळी आली, घुटमळली, पहिल्या फांदीशी गेली, मग दुसरीशी. नागूअण्णाजवळ आली तेव्हा तिनं त्याला एक वळसा घातला, जांभळीला घालायच्या तसा, आणि ती पुढच्या फांद्यांना धरून ओढ्यापलीकडं गेली. तो जराही हलला नाही.

गाडीवान म्हणाला, "जाऊया न्हवं?" मी हूं म्हणालो. वळणावरून मागं पाहिलं तेव्हा काळोख होत आला होता आणि नागूअण्णा फांदी उंच धरून तसाच उभा होता. अजून नव्याण्णव यायच्या आहेत असं त्याला मी सांगितलं होतं.